मदत हवी आहे: गरोदरपणातली शुगर, सकाळची फास्टिंग काही केल्या उतरत नाही

सातवा महिना लागलाय, पहिलंच बाळंतपण. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून जी तपासणी करतात तिच्यात उपाशीपोटीचा आकडा ९७ आला, हवा होता ९२ च्या आत. एक तासाचा आणि दोन तासांचा, दोन्ही व्यवस्थित. मला वाटलं तीनपैकी दोन विषयांत पास! पण एकही आकडा वर गेला तर गरोदरपणातला मधुमेहच म्हणतात म्हणे.

तेव्हापासून घरी ग्लुकोमीटरवर बघतेय. जेवणानंतर तासाभराने १२०-१२५, म्हणजे १४० च्या बरीच खाली. सकाळी उठल्या उठल्या मात्र ९८, १०१, १०४. ती ९५ च्या आत हवी. रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलं, तर आकडा उलट वाढला. रात्रभर पोटात काही नाही, मग ही साखर येते कुठून?

डॉक्टर रात्री झोपताना इन्सुलिन घ्या म्हणतात. सासूबाईंचं म्हणणं, एकदा सुई लागली की जन्मभर सुटत नाही. नवरा विचारतो, गोळीवर भागत नाही का? आणि मला एकच धास्ती आहे, हे औषध बाळापर्यंत जाईल का?

"डॉक्टरांना विचारा" असं कृपया लिहू नका. त्यांच्याकडेच जायचंय, पण तिथे गेलं की सगळे प्रश्न डोक्यातून उडतात.

प्रतिसाद

मी यातून गेलेय. पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीला लागतं, तेव्हा यकृत स्वतःच रक्तात साखर सोडतं. एरवी इन्सुलिन तिला आवरतं, पण आता वारेतून येणारी संप्रेरकं त्याला नीट काम करू देत नाहीत. त्यामुळे जेवण कमी करून फास्टिंग उतरेलच असं नाही. मला झोपण्याआधी प्रथिनं असलेलं थोडंसं खायला सांगितलं होतं. काहींना फरक पडतो, मला पडला नाही. यात तुमचं काही चुकत नाहीये, एवढं मात्र नक्की.

बाळाचं म्हणाल तर इन्सुलिन वार ओलांडून जात नाही, साखर जाते. ती जास्त गेली की बाळाचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन बनवतं आणि बाळ अंगाने मोठं होतं. नाळ कापल्यावर साखरेचा पुरवठा थांबतो, त्याचं इन्सुलिन मात्र तसंच वाढलेलं असतं, म्हणून जन्मल्यावर त्याची साखर घसरू शकते. टाचेतून रक्त घेऊन तपासायला लागले तर घाबरू नका, आणि पहिलं दूध लवकर पाजा.

गोळी म्हणजे बहुधा मेटफॉर्मिन. गरोदरपणात देतात, पण ती वार ओलांडते. तुम्हाला चालेल का, हे जरूर विचारा.

प्रतिसाद

सासूबाईंना सांगा, बहुतेकींचं इन्सुलिन प्रसूती झाली की बंद होतं. माझं त्याच दिवशी झालं. मात्र ६ ते १२ आठवड्यांत पुन्हा ग्लुकोजची तपासणी करायची असते, तेव्हा बाळाच्या धबडग्यात आपलं राहून जातं. पुढे मधुमेह होण्याची शक्यता अशा बायकांत जास्त असते, म्हणून दर १ ते ३ वर्षांनी साखर बघायची.

सुई जेमतेम ४ मिमी असते, बाळापर्यंत पोचायचा प्रश्नच नाही. ७० च्या खाली साखर गेल्यावर काय करायचं ते आधी विचारून ठेवा आणि ग्लुकोज उशाशी ठेवा. घाम, थरथर, धडधड वाटली की आधी घ्यायचं, मग फोन करायचा.

प्रतिसाद

एक बारीक गोष्ट. घरच्या मीटरमध्ये साधारण १५ चा फरक चालवून घेतात. तुमचे आकडे काठावरचे आहेत, तेव्हा एकदा प्रयोगशाळेत रक्त देताना त्याच वेळी मीटरवरही बघा. बोट साबणाने धुऊन कोरडं करा, फळाचा रस लागला असेल तरी आकडा फुगतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार! वहीत उतरवून घेतलं. मीटर पडताळून बघेन, पण तेवढ्यासाठी इन्सुलिन लांबवणार नाही. अजून एक विचारू? डोस ठरेपर्यंत कुणाला रात्री ३ वाजता उठून साखर बघायला सांगितलं होतं का?