बोलणारं मुंगूस: खापर एकट्या मुलीवर का?

रानजाई
इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटावर डॅल्बी गावाजवळ, उंचावर डोर्लिश कॅशन नावाचं एकलकोंडं शेतघर होतं. १९३१ च्या सप्टेंबरात भिंतींवरच्या फळ्यांमागून खुडबुड सुरू झाली आणि हळूहळू ती खुडबुड चक्क बोलायला लागली. नाव म्हणे गेफ, जात मुंगूस, जन्म दिल्लीत, ७ जून १८५२! घरात जेम्स आयर्विंग, बायको मार्गारेट आणि तेरा वर्षांची व्होयरी. गेफ ससे मारून द्यायचा, बिस्किटं खायचा, गावातल्या भानगडी सांगायचा.
जो तो म्हणतो, पोरगी आवाज काढायची. पण गेफचं बोलणं लिहून ठेवणारा आणि लांबलांब पत्रं धाडणारा बाप होता. पियानो विकणारा माणूस त्या माळावर शेती करत बसलेला. ही हौस त्याचीच.

तिरपागडे
हौस कसली, शुद्ध लबाडी! १९३५ साली भुताखेतांचा तपास करणारे हॅरी प्राइस आणि बीबीसीच्या 'द लिसनर' साप्ताहिकाचे संपादक रिचर्ड लँबर्ट तपासाला गेले, तेव्हा गेफ नेमका गायब. गेफचे म्हणून दिलेले केस आयर्विंगांच्याच मोना नावाच्या कुत्र्याच्या केसांशी जुळले. आपल्याकडे पोरं 'मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ' म्हणतात, प्राइसनेही म्हणून बघायचं होतं.

रानजाई
लबाडी नव्हती असं मी कुठे म्हटलंय? कुणाची, एवढंच विचारतेय.

ओसरीवरून
पोरीचीच. दगडी भिंती आणि आतल्या फळ्या यांच्यात पोकळी होती. प्राइसच्या मते आख्खं घर म्हणजे एक मोठी बोलनळीच. आवाज कुठून येतोय याचा पत्ता लागणं कठीण. शिवाय तिथल्याच एका वार्ताहराने तिला आवाज काढताना पकडल्याचं सांगितलं होतं. बाप मात्र त्याला पटवत होता की आवाज दुसरीकडून आला.

रानजाई
घ्या! म्हणजे पोरगी पकडली गेली आणि सारवासारव बापाने केली. तेरा वर्षांची पोर अशा वेळी घाबरून कबूल करते, जर घरात कुणी पाठीशी नसेल तर. आईबापांचा हात डोक्यावर असल्याशिवाय असलं नाटक वर्षानुवर्षं चालत नाही.

ओसरीवरून
हे मान्य. पण 'आईबापांनी साथ दिली' म्हणून तिला सोडू नका. मोठेपणीही तिने कबुली दिली नाही. १९७० मधल्या मुलाखतीतसुद्धा 'मी नव्हे' हेच.

रानजाई
आणि गेफमुळे आयुष्याचं नुकसान झालं, असंही तिनेच सांगितलं. १९४५ मध्ये बाप गेला. घर झपाटलेलं म्हणून शेत पडत्या भावात विकावं लागलं म्हणतात. लबाडीतून त्यांना मिळालं काय?

तिरपागडे
त्यांना नसेल, लँबर्टला मिळालं! 'बोलणाऱ्या मुंगसावर विश्वास ठेवणारा हा माणूस ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या मंडळावर राहायला लायक नाही' अशा अर्थाचं लंडनमधले एक बडे गृहस्थ सेसिल लेव्हिटा बोलले, लँबर्टने १९३६ मध्ये बदनामीचा दावा जिंकला आणि ७,५०० पौंड भरपाई घेतली. गेफने वाटा मागितला नाही, हाच तो नसल्याचा पुरावा.