बँकेचा चेक, शर्टाचे चेक्स आणि बुद्धिबळातला चेक – हे एकच का?

खवचट_खातेदार
काल बँकेत काउंटरवरचे साहेब म्हणाले, "थांबा, चेकवरची सही चेक करतो", आणि अंगात त्यांच्या चेक्सचा शर्ट. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. मुलुंड चेकनाका, एसटीचा चेकर, हॉटेलातलं चेक-इन हे सगळं तपासण्यावरून आलं असेल म्हणून सोडून देऊ, पण शर्टावरच्या चौकड्यांचा तपासण्याशी काय संबंध? आणि बुद्धिबळातला चेक कुठून आला? ब्रिटिश लोक बँकेच्या चेकच्या स्पेलिंगमध्ये ते क्यूचं शेपूट का लावतात हे पण सांगा. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्यादं
सगळ्याचं मूळ बुद्धिबळातच आहे. फारसीत शाह म्हणजे राजा, त्याच्यावर हल्ला केला की "शाह!" म्हणून समोरच्याला सावध करायचं. खेळ इराणातून अरबांकडे आणि तिथून युरोपात गेला, तिथे लॅटिनमध्ये त्याचं स्काकुस झालं, जुन्या फ्रेंचमध्ये एशेक आणि इंग्रजीत चेक. चेस हा शब्दसुद्धा त्याच एशेकचं अनेकवचन. आपण मराठीत शह देतो तो हाच शाह, आणि चेकमेट म्हणजे शाह मात. म्हणजे शह आणि मात आपल्याकडे सरळ फारसीतून आले, इंग्रजांकडे मात्र फिरत फिरत पोचले.
आता अर्थाचं बघा, शह बसला की बाकीचे सगळे बेत बाजूला ठेवून आधी राजाला वाचवावं लागतं, म्हणून चेक म्हणजे पहिल्यांदा अडवणूक, मग लगाम, आणि मग लबाडीला लगाम घालायचा तर पडताळणी आलीच. तपासणे हा अर्थ बराच नंतरचा. चेकनाक्यावर तर अडवणूक आणि तपासणी दोन्ही व्हायचं, २०१७ ला जकात जाईपर्यंत ट्रकवाल्यांना विचारा.

जुनी_वही
प्यादं, +१. चौकड्या बुद्धिबळाच्या पटावरून आल्या हे उघड आहे, पण खरी मजा पुढे आहे. इंग्लंडमध्ये बाराव्या शतकात राजाच्या खजिन्याचा हिशोब एका मोठ्या टेबलावर व्हायचा, १० फूट लांब, ५ फूट रुंद, वर रेघा मारलेलं काळं कापड. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी म्हणजे डोक्याला ताप, म्हणून त्या कापडावर सोंगट्या मांडून सरकवत हिशोब करायचे. ते दिसायचं पटासारखं, म्हणून त्या खात्याचं नाव पडलं एक्सचेकर. रिचर्ड फिट्झनील नावाचा तिथला खजिनदार होता, त्याने सगळी पद्धत लिहून ठेवलीय आणि त्यात म्हणतो की हा डाव खजिनदार आणि शेरीफ यांच्यात चालतो. शेरीफ म्हणजे वसुली करून आणणारा, त्याची काय अवस्था होत असेल कल्पना करा. ब्रिटनचा अर्थमंत्री अजून चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकरच म्हणवतो.
बँकेचं म्हणाल तर अठराव्या शतकात चेक म्हणजे आधी स्थळप्रत, बनावट कागद पकडायला पडताळणीसाठी मागे ठेवलेली, पुढे तेच नाव मूळ कागदाला चिकटलं. क्यूचं शेपूट एक्सचेकरच्या प्रभावाने आलं. अमेरिकेत शेपूट नाही.

चावट_वाचक
मग चेक रिपब्लिकमध्ये काय सगळे चौकडीचे शर्ट घालतात का? आणि शहाणा पण शाहवरूनच का? :ड

जुनी_वही
चावट, दोन्हीला नाही. तो चेक त्या लोकांच्या स्वतःच्या नावावरून आला. शहाणा संस्कृत सज्ञानवरून, हिंदीतला सयाना त्याचाच भाऊ. शाहांचा आणि शहाणपणाचा संबंध लावू नका.

खवचट_खातेदार
एक नंबर माहिती, सगळ्यांना धन्यवाद, वाखूसा (वाचनखूण साठवली). म्हणजे चेक बाउन्स झाला की राजाच घसरतो म्हणायचं, कलम १३८ उगाच नाही.

जर्सीकर
अवांतर: इथे अमेरिकेत हॉटेलात जेवण झालं की चेक मागायचा, कागदावर टिक मारली तर ती पण चेक, आणि बिल म्हणाल तर वीस डॉलरची नोट पण बिल. नवीन आलेल्या पाहुण्यांना "चेक आला, बिलं काढा" म्हटलं की दोन मिनिटं कोणी हलत नाही.