टू बीएचकेमध्ये कुठला कुत्रा घ्यावा?

प्रश्न: पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, मी आणि नवरा दोघंही जॉबला, दिवसभर घरी फक्त सासूबाई आणि त्यांचे गुडघे दुखतात. मुलगा आठ वर्षांचा, हस्कीच पाहिजे म्हणून हट्ट धरलाय. काय करू?

उत्तर १: हस्की प्लीज नका घेऊ!! सायबेरियात बर्फात स्लेज ओढणारी जात ती, अंगावर केसांचे दोन थर, एप्रिल-मेमध्ये जीव कासावीस होतो बिचाऱ्याचा आणि एसी लावलात तरी पळायला कुठे मिळणार त्याला?

उत्तर २: लॅब्रेडॉर मुलांशी छान राहतो पण ३० किलोचा कुत्रा पट्टा ओढायला लागला की सासूबाईंना नाही झेपणार, केसही भरपूर गळतात. पग जातीच्या कुत्र्याला चपट्या नाकामुळे श्वासाचा त्रास, उकाड्यात जास्तच. कारवान कुत्रा आपल्या मातीतला, देखणा, पण त्याला मोकळं रान लागतं.

उत्तर ३: शेल्टरमधून दोन-तीन वर्षांचा शांत देशी आणा ना. आपल्या हवेला सरावलेला असतो, मोठा असल्यामुळे स्वभाव आधीच कळतो आणि पिल्लाची शी-शू सासूबाईंवर पडत नाही. त्यांना नि मुलाला घेऊन दोन-चारदा भेटून या, आणि सकाळ-संध्याकाळ फिरवायला कोण नेणार ते आणायच्या आधीच ठरवा.