विमान रद्द झालं, भरपाईत माइल्स घेतले का व्हाऊचर? आपापले अनुभव सांगा

मी आर्वी तालुक्यातला. मागच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन मुंबईहून नागपूरला यायचं होतं, विमानतळावर पोचल्यावर कळलं की बिघाड झाला म्हणून विमान रद्द. रात्र खुर्चीवर काढली, दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो अन् नागपूरच्या सोनेगाव विमानतळाहून घरी येईपर्यंत अंधार पडला, बाबांचे पाय सुजून गेले होते. आता कंपनीचा मेल आलाय, दर माणशी ६,००० माइल्स (म्हणजे पुढच्या तिकिटाला वापरायचे पॉइंट) घ्या नाहीतर ४,००० रुपयांचं व्हाऊचर घ्या, पंधरा दिवसांत कळवा. आमच्या घरी विमान म्हणजे दोन-तीन वर्षांतून एकदा. कोणी यातलं काही घेतलं असेल तर पुढं त्याचं काय झालं ते लिहा. नुसता सल्ला नको, स्वतःचा अनुभव लिहा.

वरुडहून
भाऊ, म्या माइल्स घेतले होते. आकडा मोठा दिसला, वाटलं पुढच्या दिवाळीत दिल्लीचं तिकीट फुकट होते. तिकीट काढायला बसलो तं कळलं का माइल्स फक्त मूळ भाड्याले चालते, टॅक्स अन् विमानतळाचे चार्जेस खिशातूनच भरा लागते, अन् दिवाळीच्या हप्त्यात माइल्सवर सीटच नाही दाखवत. मंग राहून गेलं. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी सुरू होती, मेल पाहाले कोणाले वेळ होता? मुदत संपल्याचा मेल आला तो बी महिनाभरानं पाह्यला. सारे गेले. तेव्हा बँकेत पैसे मागतले असते तं निदान फवारणीचा खर्च तरी निघाला असता, हे अजून मनातून जात नाही.

हिंगणघाटहून
माझा अनुभव वेगळा आहे दादा. आईची ट्रीटमेंट मुंबईला चालू होती, दर दोन महिन्यांनी जावंच लागायचं, विदर्भ एक्सप्रेसचं कन्फर्म नाही मिळालं की विमान. त्यामुळे ३,५०० चं व्हाऊचर मिळालं ते लगेच कामी आलं. फक्त एक झालं, तिकीट बसलं ३,१०० ला आणि उरलेले ४०० बुडाले, एकाच वेळी वापरायचं होतं म्हणे. दुसऱ्यांदा अशी वेळ आली तेव्हा मी आधी मेलवर लेखी विचारून घेतलं, तुकड्यातुकड्यानं वापरता येईल का, आईच्या नावाचं भावाला चालेल का, मुदत बुकिंगची आहे की प्रवासाची. तिसरा प्रश्न नक्की विचारा. मुदतीत नुसतं बुक केलं तर पुरतं की प्रवासही मुदतीतच व्हायला पाहिजे, यात फार फरक पडतो.

पुसदहून
थांबा, सही करू नका अजून! मेलमध्ये दोनच पर्याय दिले म्हणजे दोनच आहेत असं नाही. डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा नियम आहे, वेळेत न कळवता विमान रद्द केलं तर देशातल्या प्रवासाला भरपाई मिळू शकते, १ तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,०००, १ ते २ तासांच्या उड्डाणाला ७,५००, त्याच्यावर १०,०००, किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन चार्ज, यातलं जे कमी असेल ते. मुंबई-नागपूर मधल्या गटात येतं. ही भरपाई रोख किंवा बँकेत, व्हाऊचर फक्त तुमची सही असेल तरच. हवामान नाहीतर एटीसीचं (विमानांची ये-जा सांभाळणाऱ्या कंट्रोलचं) कारण असलं तर मिळत नाही, म्हणून रद्द का झालं हे लेखी घ्या. मला पण काउंटरवर व्हाऊचरच पुढं केलं होतं. मी मेल टाकला की बँक ट्रान्सफर पाहिजे, आठ दिवस उत्तर नाही, मग एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार टाकली तेव्हा कुठं हलले अन् पैसे आले. अन् रात्रभर खुर्चीवर बसवलं म्हणता, तर जेवण अन् हॉटेलची सोय का केली नाही हेही त्याच मेलमध्ये विचारा, तुमच्यासोबत म्हातारे माणसं होते.

चांदूर बाजारहून
व्हाऊचर घेताना कंपनीचं विमान आपल्या जवळ येते का तेवढं पाहून घ्या जी. बेलोऱ्याचं विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला सुरू झालं, आम्हाले अमरावती किती जवळ, पण माह्या व्हाऊचरवाल्या कंपनीचं विमान तिथं येतच नाही. नागपूरपर्यंत गाडी केली त्यात अर्धं व्हाऊचर गेल्यासारखंच झालं.

दर्यापूरहून
माझा मुलगा जर्मनीत शिकतो. घरी येताना फ्रँकफर्टहून निघालेलं विमान मुंबईत पाच तास उशिरा पोचलं. कंपनीनं माइल्स देऊ केले, आकडा पाच अंकी होता, तोही भुलला होता. त्याच्या रूमवरच्या मुलानं सांगितलं की युरोपियन युनियनमधून निघणारं विमान कोणत्याही कंपनीचं असो, ३,५०० किलोमीटरच्या वर ६०० युरोपर्यंत हक्क आहे, अन् व्हाऊचर तिथंही सही दिल्याशिवाय देता येत नाही. फॉर्म भरला, दोन महिने लागले, पण पैसे खात्यात आले अन् त्याच्या खोलीचं भाडं त्यातून गेलं. इथून तिकडे जाताना मात्र कंपनी युरोपियन युनियनमधली असेल तरच हा नियम लागतो, हे लक्षात ठेवा. तूर विकून मुलाला पाठवलंय आम्ही, आमच्यासाठी ते ६०० युरो किती मोठे होते काय सांगू.

गोंदियाहून
माइल्स वाईटच असं नका म्हणू. माझी मुलगी बंगलोरला नोकरीला, महिन्यातून एकदा तरी विमानात. तिच्या खात्यात आधीचे होते त्यात हे मिसळले अन् आम्हा दोघांचं तिकीट निघालं, टॅक्स तेवढा भरला. घरात सारखं फिरणारं माणूस असेल तर चालते.

आर्वीवाला परत
सगळ्यांचे आभार, पुसदच्या दादांचे जास्तच. आमच्या घरी तसं फिरणारं कोणी नाही. बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले पैसे खात्यातच घे, पुन्हा विमानात बसायचं का नाही ते आपण ठरवू, कंपनीनं काऊन ठरवावं. आत्ताच मेल टाकला, तिघांच्या बोर्डिंग पासचे फोटो जोडले, रद्द होण्याचं कारण लेखी मागितलं. उत्तर आलं की इथंच लिहितो.