स्थानिक पक्षशाखा आणि मतदारसंघांच्या सीमा
अमेरिकेत मतदारसंघांची फेररचना आणि निवडणुकीचे नियम यांपासून स्थानिक पक्षशाखांना पूर्णपणे दूर ठेवावे, असे एक मत मांडले जाते. ते मला अर्धेच पटते, कारण सीमा आखणे आणि मतदान-मोजणी चालवणे ही दोन कामे मुळात वेगळी आहेत.

सीमा आखण्याच्या कामात पक्षाचा हात नसावा, हे मान्य. २०१९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, पक्षीय हेतूने केलेल्या सीमाआखणीचा निवाडा संघीय न्यायालयांच्या कक्षेत येत नाही, असे ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवल्यानंतर तर राज्यांनी स्वतःच बंधने घालणे अत्यावश्यक झाले आहे. मिशिगन राज्याच्या मतदारांनी २०१८ मध्येच सीमा आखण्यासाठी १३ सदस्यांचा स्वतंत्र आयोग मंजूर केला; त्यात दोन्ही प्रमुख पक्षांचे प्रत्येकी ४ आणि कोणत्याही पक्षाशी न जोडलेले ५ सदस्य असतात, शिवाय मागील ६ वर्षांत स्थानिक पक्षशाखेचे पदाधिकारी राहिलेल्यांनाही त्यात प्रवेश नाही. ही शेवटची अट मला सर्वांत मोलाची वाटते.

मतदान व मोजणीचे मात्र तसे नाही. न्यूयॉर्क राज्यात निवडणुका चालवणाऱ्या मंडळांवरील आयुक्तांची शिफारस काउंटीतील (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागातील) पक्षसमित्याच करतात आणि दोन्ही पक्षांना समान प्रतिनिधित्व असते. या पद्धतीत अपक्ष मतदारांना स्थान उरत नाही, हा दोष गंभीरच आहे. तरीही परस्परांवर लक्ष ठेवणारे दोन प्रतिस्पर्धी समोरासमोर बसलेले असणे, हे मोजणीच्या कामात मला अधिक भरवशाचे वाटते.