वेळ काढला की वेळ झाली?

वाईकर

आमच्या हरिपाठाच्या गटावर परवा मी लिहिलं, "नोकरी, मुलांच्या शाळा, हातातला मोबाइल, या सगळ्यात देवासाठी वेळ काढणं फार अवघड झालंय." सासूबाई शेजारी वाती वळत बसल्या होत्या. त्यांना वाचून दाखवलं. वळत असलेली वात पुरी करून त्या म्हणाल्या, "देवासाठी वेळ काढायचा कुठे असतो गं? देवाची वेळ असते."

तेव्हापासून हे दोन शब्द डोक्यातून जात नाहीत. दोन शब्दच म्हणते, कारण मराठीत 'वेळ' पुल्लिंगीही आहे आणि स्त्रीलिंगीही, आणि दोन्ही ठिकाणी तो एकच शब्द राहत नाही. बोलण्यात वेळ गेला. बोलायची वेळ गेली. पहिल्यात तास-दोन तास खर्ची पडले, दुसऱ्यात संधी हुकली. डॉक्टरांचा वेळ घेतला म्हणजे त्यांना अडकवून ठेवलं. डॉक्टरांची वेळ घेतली म्हणजे नंबर लावला. 'पूजेला वेळ झाला' म्हटलं की उशीर आणि 'पूजेची वेळ झाली' म्हटलं की चला, हातपाय धुवा.

पुल्लिंगी वेळाबरोबर येणारी क्रियापदं पाहा: मिळाला, दिला, वाचवला, घालवला, वाया गेला, काढला. सगळी पैशाची. त्याला अनेकवचनही नाही, पैशासारखाच तो थोडा किंवा पुष्कळ असतो. स्त्रीलिंगी वेळ मात्र येते, होते, टळते, चुकते, साधते, पाळावी लागते. ती मोजता येते: दोन वेळा, तिन्ही वेळा. सांजवेळ, कातरवेळ याही बायकाच. विभक्तीतसुद्धा त्यांची वाट वेगळी, 'थोड्या वेळाने' आणि 'ठरल्या वेळेला'. लग्नपत्रिकेत आपण लिहितो 'वेळात वेळ काढून यावे', तो पुल्लिंगी. आणि 'वेळेवर यावे', ती स्त्रीलिंगी.

माझं म्हणणं असं की आपली खरी अडचण या लिंगबदलात सापडते. सासूबाईंच्या घरात देवाची वेळ होती. दिवेलागणीला ती आपण होऊन यायची, कुणी काढायची नाही. आपण ती पुल्लिंगी करून टाकली, आणि मग दिवसाच्या जमाखर्चात तिला जागा शोधत बसलो. जाणकारांनी भर घालावी. मला चुकीचं वाटत असेल तर तेही सांगावं.

अमरकोशी

लिंगाचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. मूळ संस्कृत शब्द 'वेला', आणि तो स्त्रीलिंगीच. मर्यादा, किनारा, भरती-ओहोटी आणि ठरलेला काळ, हे सगळे त्याचे अर्थ. पुल्लिंगी वेळ हा मराठीत पुढे फुटलेला फाटा.

पण हरिपाठाचा विषय निघालाच आहे तर 'क्षण' या शब्दाकडे लक्ष वेधतो. 'देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी' आपण रोज म्हणतो आणि क्षणभर म्हणजे डोळ्याचं पातं लवण्याइतकं, असं धरून चालतो. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाचं कोष्टक निराळं आहे. १८ निमेषांची, म्हणजे पापणी लवण्याच्या काळांची, एक काष्ठा, ३० काष्ठांची एक कला, ३० कलांचा एक क्षण, १२ क्षणांचा एक मुहूर्त आणि ३० मुहूर्तांचा अहोरात्र. म्हणजे मुहूर्त ४८ मिनिटांचा आणि क्षण चांगला ४ मिनिटांचा! दारात ४ मिनिटं खरोखर उभं राहून पाहा, हात जोडून, दुसरं काही न करता. फार मोठा काळ असतो तो. ज्ञानदेवांनी कोष्टक लावून हा शब्द योजला असं मी म्हणणार नाही. अभंगात तो सहज आला असेल. पण शब्दाच्या पोटात एवढी जागा आहे, हे विसरू नये.

याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. त्याच कोशाच्या नानार्थवर्गात, म्हणजे अनेक अर्थांच्या शब्दांच्या भागात, क्षणाचे तीन अर्थ एका ओळीत दिले आहेत: 'निर्व्यापारस्थितौ कालविशेषोत्सवयोः क्षणः'. काळाचं माप, उत्सव आणि निर्व्यापार स्थिती, म्हणजे हातात कोणताही उद्योग नसणं. सवड, माप आणि सण, तिन्हींना एकच शब्द. श्राद्धाचं आमंत्रण देताना यजमान ब्राह्मणाला 'क्षणः क्रियताम्' म्हणतो आणि तो 'ॐ तथा' म्हणून होकार देतो, तिथेही हाच अर्थ: तेवढा काळ इतर व्यापार बाजूला ठेवून आमच्यासाठी मोकळे राहा. मराठीत 'क्षण देणे' हा वाक्प्रचार त्यावरूनच आला.

वाईकर

अमरकोशी, या ओळीबद्दल मनापासून धन्यवाद. आज सकाळी मुद्दाम घड्याळ लावून उभी राहिले. दुसऱ्या मिनिटालाच हात खिशाकडे गेला.

त्यावरून दुसरा शब्द. मन दुसरीकडे ओढणाऱ्या गोष्टींना मराठीत काय म्हणावं, असं कुणीतरी मला गटावर विचारलं होतं. 'व्यत्यय' सुचवला गेला, पण तो काम मोडण्यापुरता: पावसाचा व्यत्यय, विजेचा व्यत्यय. 'विक्षेप' योगशास्त्रातला. पतंजलीने चित्तविक्षेप करणारे ९ अंतराय मोजले आहेत, व्याधीपासून सुरुवात करून. पण विक्षेप रोजच्या बोलण्यात कुणी म्हणत नाही. बोलण्यात शब्द आहे 'व्यवधान'. "मागे सतरा व्यवधानं आहेत हो," असं आमच्याकडे आजही म्हणतात.

मी हरिपाठ मोबाइलवर उघडून पाटावर ठेवते, समईच्या शेजारी. परवा पहिल्याच अभंगावर होते. वरून एक पट्टी घरंगळत खाली आली, कुठल्याशा दुकानाच्या सवलतीची, आणि ती नेमकी 'उभा क्षणभरी'वर येऊन बसली. ओळ झाकली गेली. बोटाने ती पट्टी सारली तर दुकानच उघडलं. ते बंद करून परत येईपर्यंत समईची वात काजळली होती. नंतर संस्कृत कोशात व्यवधान पाहिला. मध्ये येणारी वस्तू, आडोसा, पडदा, आच्छादन! माझ्या पाटावर जे घडलं तेच शब्दशः लिहिलेलं होतं.

आणि शब्द फोडून पाहा: वि + अव + धा. त्यातला 'वि' काढला की उरतं अवधान. 'तरि अवधान एकलें दीजे । मग सर्वसुखांसि पात्र होईजे', ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाची पहिलीच ओवी. श्रोत्यांकडे एवढंच मागितलं आहे, फक्त लक्ष द्या. धा म्हणजे ठेवणं. मन तिथे नेऊन ठेवलं की अवधान, मध्ये काही आणून ठेवलं की व्यवधान. 'अनुसंधान'ही याच धातूचं.

रात्रपाळी

सगळं वाचलं, आवडलं. पण एक बोलायचंय. मी परिचारिका आहे. आठवड्यातले तीन दिवस रात्रपाळी, मग दिवसपाळी, मग अचानक कुणाची बदली म्हणून दुपारपाळी. दिवेलागणीला मी कधी घरी असते, कधी बसमध्ये, कधी पेशंटच्या उशाशी. देवाची वेळ आपण होऊन येते म्हणता, ती कोणाच्या घरी येते? ज्या घरात कुणीतरी सबंध दिवस घरात असतं, त्या घरी. तुमच्या सासूबाईंच्या वेळी दुसरी कुणीतरी भाकऱ्या थापत असेल म्हणून त्यांची पूजा वेळेवर झाली असेल. रागावू नका.

आमच्याकडचा शब्द 'उसंत'. आणि तो नकारातच चालतो. "क्षणाची उसंत नाही." उसंत भरपूर आहे, असं मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

वाईकर

रागवत नाही. तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते माझ्या मांडणीत नव्हतं. सासूबाईंना विचारलं, तर भाकऱ्या त्यांच्या धाकट्या जाऊबाई करायच्या. पूजा झाली की त्या दोघी कामं बदलून घ्यायच्या.

तुमच्यासाठी ओळ जनाबाईंची. 'दळितां कांडितां । तुज गाईन अनंता'. नामदेवांच्या घरची दासी. तिची वेळ तिची नव्हतीच, ना पुल्लिंगी ना स्त्रीलिंगी. म्हणून तिने जातं धरलं. आणि हरिपाठातच पुढे आहे, 'काळ वेळ नाम उच्चारितां नाहीं'. माझा सगळा सिद्धांत या एका चरणापुढे अडतो, हे कबूल करते.

मुक्काम अमृतसर

जनाबाईंच्या मालकांचा उल्लेख आला म्हणून लिहितो. नोकरीनिमित्त पंजाबात आहे. नामदेव इकडे घुमानला राहिले, २०१५चं साहित्य संमेलन तिथेच झालं. इकडे ते 'नामदेव छीपा' आहेत, म्हणजे कापड छापणारे. गुरू ग्रंथसाहिबात कबीरांच्या श्लोकांमध्ये त्यांचा आणि त्रिलोचनाचा संवाद आहे. मित्र त्रिलोचन विचारतो, नामा, तू मायेत गुंतलास, कापडं छापत बसतोस, रामाकडे चित्त का लावत नाहीस? म्हणजे हा प्रश्न तेव्हाही होता! नामदेवांचं उत्तर: 'हाथ पाउ करि कामु सभु चीतु निरंजन नालि'. हातपाय सगळं काम करू देत, चित्त निरंजनाजवळ. 'नालि' म्हणजे पंजाबीत बरोबर, सोबत. वाईकरांच्या 'अनुसंधाना'ला इकडचा साधा शब्द हाच, नाल.

सासष्टीकर

गोव्यातला ख्रिस्ती आहे, पण मराठी वाचतो आणि लिहितो. आमच्या गावात संध्याकाळी इगर्जीची, म्हणजे चर्चची, घंटा होते, तिला 'आयमोरेची घांट' म्हणतात. 'आव्हे मारिया' या प्रार्थनेचं नाव कोकणीच्या जिभेवर घासून आयमोरी झालं. लहानपणी घंटा वाजली की खेळ जागच्या जागी थांबायचा, आई चुलीपासून उठून उभी राहायची. आता मुलं घंटा ऐकतात आणि "सात वाजले" म्हणतात. प्रार्थनेचं नाव घड्याळाचं नाव झालं. वाईकर म्हणतात तो बदल आमच्या भाषेतही झाला.

अमरकोशी

'नेम' हा शब्द कुणी घेतला नाही याचं आश्चर्य वाटलं. 'नियम'वरून आला. नित्यनेम, नेमाची वारी, नेम चुकला. पण दगड मारतानाही नेम धरतात, आणि 'त्याचा काही नेम नाही' म्हणजे भरवसा नाही. व्रत, लक्ष्य आणि भरवसा. रात्रपाळी यांना वेळ नसेल, नेम असू शकतो.

रात्रपाळी

नेम आहे. पाळी बदलताना आधीची बाई मला सगळ्या पेशंटचं सांगते, मग चाव्या देते. चाव्या हातात घेतल्या की मी एकदा विठ्ठलाचं नाव घेते. कधी सकाळी साडेसातला, कधी दुपारी दोनला, कधी रात्री. याला आजवर मी नेम म्हटलं नव्हतं. वेळ तर नक्कीच म्हटलं नसतं, कारण घड्याळात ती कधीच एका जागी नसते.

मालवणी

जरा उशिरा आलो, होडीवर होतो. 'वेला'चा किनारा हा अर्थ कोशातच राहिला असं कुणाला वाटत असेल तर सांगतो, आमच्याकडे तो जिता आहे. दर्याच्या काठच्या वाळूला आम्ही 'वेळ' म्हणतो, आणि तीही बाईच. "वेळेर गेलो हा" म्हणजे माणूस किनाऱ्यावर गेलाय. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, वेळेवर ओढतात, आणि वेळेवरच ओढतात, दोन्ही अर्थांनी.

रात्रपाळीबाईंसाठी आणखी एक. भरतीची वेळ घड्याळात एका जागी कधीच नसते. रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, जुनी माणसं दोन घटका म्हणायची. तिथीची पाऊणपट केली की तास निघतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पुनवेला आणि आवशेला मध्यान्हाच्या आसपास. उद्या कितीला येणार ते घड्याळ बघून कळत नाही, तिथी बघावी लागते. पण येते. वेळ म्हणतात ती हीच, आमच्याकडे तरी.

रात्रपाळी

आज तिथी कुठली?

मालवणी

पंचमी. पावणेचार.

रात्रपाळी

पावणेचारला मी वॉर्डातच असेन. दोनला चाव्या घेतल्या की तुमच्या वेळेची आठवण काढते.