प्रति: मुलींच्या शाळेत स्टाफची ओळख कशी करून घ्यायची?

वरती ताईंनी लिहिलंय की मोठ्या बाईंना एकदा भेटलं की झालं, मला नाही पटत. माझी पोरगी चोपड्याला मुलींच्या शाळेत पाचवीला गेली तेव्हा मीपण बाईंनाच भेटून आलो, पण खरी शाळा कळली ती शिपाई मावशींकडून. पोरगी रडत बसली की त्याच आधी विचारणार, "काय व्हयनं वं माय?", पदराला चार सेफ्टीपिना कायम, अन् मानव विकासची निळी बस (मुलींना शाळेत ने-आण करणारी सरकारी एसटी) चुकली तर पोरीला ऑफिसात बसवून घरी फोनही त्याच करतात. सखी सावित्री समितीत (मुलींच्या सुरक्षेसाठी शाळेत असते ती) कोण कोण आहे तेवढं विचारून ठेवा, २०२२ च्या जीआरने ती आलीये. आणि हो, क्लार्क भाऊंशी गोडीत राहा, बोनाफाईड त्यांच्याच हातात!